गिटारवाल्याचे गुडघे

...नाही, पण मला एक सांगा, माणूस गाणी ऐकायला जातो तेव्हा त्याने बघायचं कुठे? गायकाकडे बघावं, ड्रमवाल्याकडे बघावं, अगदीच काही नाही तर डोळे मिटून मान हलवावी, बरोबर? आणि तुम्हाला सांगतो, कॉलेजात असल्यापासून ज्या बँडवर जीव टाकला, ज्याच्यापायी वडिलांची बोलणी खाल्ली, केस वाढवले, आणि पुढे केस आपणहून सोडून गेले तरी बँड काही सोडला नाही, त्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम, मी अगदी पुढच्या रांगांमध्ये, आणि माझं लक्ष कुठे? गुडघ्यांवर! गिटारवाल्याच्या गुडघ्यांवर!

आता हे कसं झालं ते सांगतो. थोडं मागे जावं लागेल... फार मागे नाही, घाबरू नका. ही म्हणते, मी कुठलीही गोष्ट आदिमानवापासून सुरू करतो. ही म्हणजे आमची बायको. तर हिचे दोन्ही गुडघे गेलेले. गेलेले म्हणजे जागेवर आहेत, पण नुसते हजेरीपुरते. आधी गच्चीवर कपडे वाळत घालणं बंद झालं, मग बागेतली फेरी बंद झाली, मग मैत्रिणीकडे जाणं बंद झालं, कारण मैत्रीण राहते वरच्या मजल्यावर. आणि हे एकेक बंद होत असताना मी काय करत होतो? वाचत होतो! जन्मभर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं ना मी, दुसरं येतंय काय? गुडघे बदलण्याच्या ऑपरेशनवर जगात जेवढं म्हणून छापून आलंय, तेवढं वाचून काढलं. भुलीचे धोके, गुठळ्यांचे धोके, जंतूंचे धोके. ही विचारायची, "अहो, मग करू की नको?" मी म्हणायचो, "करायला हरकत नाही, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे आमची गाडी कधी सरकलीच नाही.

खरं सांगू का? शंभरातल्या नव्याण्णव बायका ऑपरेशन करून आपल्या पायांनी घरी जातात, हे मला पाठ होतं. पण मला त्या नव्याण्णव दिसायच्याच नाहीत हो. मला ती उरलेली एक दिसायची. आणि तिचा चेहरा दर वेळी हिचाच असायचा.

असो. तर शेवटी हाडांचे डॉक्टर वैतागले. म्हणाले, "सर, तुम्ही ते आकडे जरा बाजूला ठेवा. तुमचा तो धडाडधूम बँड आहे ना, त्यातल्या गिटारवाल्याने हेच ऑपरेशन करून घेतलंय, दोन्ही गुडघ्यांचं. पेपरात मुलाखत आली होती. आणि अजून तो शेवटच्या गाण्याला ड्रमच्या चौथऱ्यावरून उडी मारतो!"

आमची ही... जिने आख्ख्या संसारात या बँडला 'भांड्यांचं कपाट पडलं' याशिवाय दुसरं नाव दिलं नाही, ती खुर्चीत ताठ बसली. "उडी? बदललेल्या गुडघ्यांवर?"

"हो तर!"

"मग मी बघते," ही म्हणाली. "त्याने उडी मारली तर मी करून घेते. नाही मारली तर हा विषय आपल्या घरात पुन्हा काढायचा नाही."

मी म्हटलं, "अगं, एका माणसावरून निष्कर्ष? नमुना एकाचा? या एका चुकीसाठी मी पहिल्या वर्षाची पोरं नापास केलीयेत!"

तर ही काय म्हणाली? "तुमच्याकडे हजारोंचे नमुने आहेत ना? काय निघालं त्यातून?"

मी दोन तिकिटं काढली.

तर आम्ही गेलो. बँडचा निरोपाचा दौरा. म्हणजे याआधीही त्यांनी दोन-तीनदा निरोप घेतलाय. पाहुणे कसे दारात चपला घालून पुन्हा तासभर गप्पा मारत उभे राहतात, तसा हा बँड दारात उभा आहे. आणि वेळ कोणती? उन्हं उतरायच्या आत! एके काळी हा बँड दिवसाउजेडी कोणाला दिसायचा नाही. आता म्हणे गायकाला वेळेवर जेवायचं असतं. फाटकावरच्या रखवालदाराने आमची पिशवी तपासली. पूर्वी आमच्या पिशव्यांत काय काय निघायचं, ते हिच्यासमोर नको. या वेळी निघालं काय, तर दुखण्यावरचं मलम, रक्तदाबाच्या गोळ्या, पाठीला लावायची उशी आणि दुर्बीण. मी आपला सवयीने घाबरलो. तर तो म्हणतो, "जा काका, जा. सकाळपासून हेच बघतोय. आत निम्मं मैदान उशा घेऊन बसलंय."

आणि खरंच हो! काळे शर्ट, त्यावर कवट्या, आगीचे लोळ, आणि त्या कवट्यांच्या खाली सुटलेली पोटं. प्रत्येक जण एकमेकांना विचारतोय, तुम्ही त्या पावसातल्या शोला होतात का? स्टेज कोसळलं तेव्हा होतात का? आणि मग हळूच, तुमची शुगर किती?

आमच्या पुढच्याच खुर्चीवर एक गृहस्थ. वर संपूर्ण टक्कल आणि मागे उरलेल्या चार केसांची शेपटी. आपण त्याला शेपटीवालाच म्हणू. या बँडचा एकही कार्यक्रम त्याने म्हणे चुकवलेला नाही. हिला काय, साक्षीदारच मिळाला! "भाऊ, तो शेवटी उडी मारतो का हो?"

"मारतो का म्हणजे? वहिनी, ती उडी म्हणजे आमचा प्राण आहे!"

"गेल्या वेळी मारली होती?"

"अलबत!"

"तुम्ही स्वतः बघितलीत? या डोळ्यांनी?"

शेपटीवाला जरा चाचरला. "आता तसं... मी तेव्हा डोळे मिटून नाचत होतो वहिनी."

ही माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा. तुमच्या बँडला येणारे सगळे असलेच."

आणि मग झाला सुरू कार्यक्रम. पहिलाच ठोका असा की छातीतलं यंत्र आणि कानातलं यंत्र दोन्ही हादरली. छातीतलं म्हणजे आपलं देवाने दिलेलं. कानातलं मात्र नवीन, फार हुशार. गोंगाट आपोआप कमी करतं आणि माणसाचं बोलणं मोठं करतं. आता त्याच्या हिशेबाने गोंगाट कुठला? बँड! मी कोवळ्या वयापासून ज्याच्यासाठी कान फोडून घेतले, तो आवाज त्या यंत्राने कचऱ्यात काढला, आणि मला खणखणीत ऐकू काय येतंय, तर ही! "वाकला बघा, वाकला! डावा वाकतो, उजवा जरा आखडतोय. अहो, दुर्बीण इकडे द्या. टाक्यांची खूण दिसतेय का बघा." त्याची जीन्स गुडघ्यांवर फाटलेली होती. आमच्या काळी ती फॅशन होती, आता तो वैद्यकीय पुरावा झाला! समोर ज्या गाण्याने माझं तारुण्य सावरलं की बिघडवलं ते अजून ठरायचंय, ते गाणं चाललंय, मैदान रडतंय, शेपटीवाला रडतोय, आणि माझं लक्ष कुठे? गुडघ्यांवर!

आणि गंमत सांगू? म्हणजे गंमत नाही ती. मला कळेना की मला हवंय काय. याने उडी मारली, तर ही ऑपरेशनच्या टेबलावर जाणार, तिला भूल देणार, आणि मी बाहेर त्या शंभरातल्या एकीच्या समोरासमोर बसणार. नाही मारली, तर ही घरी येणार, खिडकीतल्या खुर्चीवर बसणार, आणि मग ती खुर्चीच राहणार, दुसरं काही राहणार नाही. मी एकदा मनात म्हणायचो, मार रे बाबा. लगेच म्हणायचो, नको मारू. देवालाही कळेना माझा अर्ज नक्की कसला आहे ते!

मग आलं शेवटचं गाणं.

गिटारवाला चढला चौथऱ्यावर. चढला म्हणजे दोघांनी मागून टेकू दिला, पण चढला. टोकाशी आला. खाली बघितलं. आणि त्याच क्षणी काय झालं असेल? आख्खं मैदान उठून उभं राहिलं! जी माणसं मघापासून उशा सोडायला तयार नव्हती, ती सगळी उभी! आणि माझ्या शेजारी ही... हिने खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. उठली नाही. पुन्हा दिला. अर्धी उठली आणि बसली. समोर नुसत्या पाठी. मोठा पडदा होता, तर त्याच्यावर त्या वेळी दाखवत काय होते? गायकाची कवळी! म्हणजे दातच असतील त्याचे, पण एवढे मोठे दाखवले की शंका यावी. हिने माझी बाही धरली. "अहो, मला दिसत नाही. तुम्ही बघा. नीट बघा. आणि सांगा मला."

म्हणजे आता सगळं माझ्यावर. सगळ्या जन्माचं निरीक्षण एका क्षणात करायचं. मी टाचा उंचावल्या. मला तो दिसला. वाऱ्यावर उडणारे पांढरे केस, गिटार, ते दोन गुडघे. म्हटलं, बघ बाबा, आता पापणी लवू देऊ नकोस... आणि तुम्हाला सांगतो, मी डोळे मिटले!

हो! मिटले! माणूस पडला तर? मला नाही बघवलं. संख्याशास्त्रातला डॉक्टर मी, एकुलतं एक निरीक्षण करायचं होतं, आणि ते मी डोळे मिटून केलं. उघडले तेव्हा मैदान गर्जत होतं आणि गिटारवाला खाली उभा होता. वर होता, आता खाली आहे, एवढं सिद्ध झालं. मधला प्रवास कसा झाला, त्याबद्दल माझ्याकडे काहीही माहिती नाही. गर्जनेचं म्हणाल, तर ही माणसं मघाशी तो पाणी प्यायला तेव्हाही गर्जली होती.

बाही हलली. "अहो, मारली का?"

मी खाली बघितलं. सगळं जग उभं आणि त्यात ही एकटी बसलेली, मान वर करून माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून गेलं, "मारली."

"नक्की?"

आता हा शब्द मी आख्ख्या नोकरीत कधी वापरला नाही. विद्यार्थ्यांना वापरू दिला नाही. 'बहुधा' म्हणावं, 'संभवतः' म्हणावं, अगदीच झालं तर 'वगळता येत नाही' म्हणावं.

"नक्की," मी म्हटलं.

"पडला नाही?"

"छे! मांजरासारखा उतरला."

मांजर कुठून आलं, मला विचारू नका. खोटं बोलायची सवय नसली की माणूस पुरावे जास्त देतो.

तिने बाही सोडली. म्हणाली, "ठरलं तर मग."

पुढचं फार सांगत नाही. ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसलो होतो, शेजारी ती शंभरातली एक. मग दार उघडलं, आणि ही बाहेर आली ढकलगाडीवरून, अर्धवट शुद्धीत, आणि मला बघून पहिलं वाक्य काय, तर "मफलर कुठाय तुमचा?" मी बाजूला बघितलं तर ती एक उठून गेलेली होती.

काही महिन्यांनी आम्ही दोघं मैत्रिणीकडे जिना चढत होतो. म्हणजे ही चढत होती, मी मागून येत होतो. मधल्या वळणावर मला राहवेना. म्हटलं, सांगून टाकावं. "अगं, त्या दिवशी उडीचं... मी म्हणजे, मला तसं..."

"शिडीने उतरला तो," ही वरच्या पायरीवरून म्हणाली.

"काय?"

"पाठमोरा. एकेक पायरी चाचपत, रंगारी उतरतो तसा. तुमच्या त्या शेपटीवाल्याने मोबाईल उंच धरला होता ना, चित्रण करायला? त्यात मला सगळं दिसत होतं, बसल्या जागेवरून. तुमचे मिटलेले डोळेही दिसले. मान वर केली होती मी."

मी कठडा धरला. "मग... मग तू ऑपरेशन का केलंस?"

"इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा मला एका शब्दात उत्तर दिलंत," ही म्हणाली. "आणि तेसुद्धा तुमच्या स्वभावाविरुद्ध, पुराव्याविरुद्ध, माझ्यासाठी. म्हटलं, हा माणूस एवढी उडी मारतोय, तर आपण टेबलावर झोपायला काय हरकत आहे?" आणि गेली वर. भराभर!

आता तुम्ही म्हणाल, झालं की छान, आता तक्रार कसली? तक्रार अशी की परवापासून माझा उजवा गुडघा दुखतोय. गेलो डॉक्टरांकडे. त्यांनी फोटो काढला, म्हणाले, ऑपरेशन. मी म्हटलं, करायला हरकत नाही, पण... जरा वाचतो, आकडे बघतो, एखादा यशस्वी झालेला रुग्ण प्रत्यक्ष बघायला मिळाला तर बरं. ही शेजारीच बसली होती. सगळं ऐकत होती. घरी आल्यावर मात्र दिवाणखान्यातलं स्टूल ओढलं, मधोमध ठेवलं, पदर खोचला आणि एक पाय ठेवला वर. म्हणाली, "बघायचीय ना? या वेळी डोळे उघडे ठेवा."

पुढच्या सोमवारची तारीख घेतलीय मी. ती दुसरा पाय स्टुलावर ठेवायच्या आत!