चौथा महिना

मला वाटलं होतं काय आणि निघालं काय, तेच तर सांगतेय, मावशी — खुर्ची नका सरकवू, मी उभीच बरी आहे, तुम्ही तव्याकडे बघा — मला वाटलं होतं, आजारी पडावं तर आपल्याच गावात. विनिपेगमध्ये मी सगळ्यांना ऐकवायचे, तुमच्याकडे बसमध्ये म्हातारी माणसं दांड्याला लोंबकळतात आणि पोरं कानात बोंडं घालून खुशाल बसून राहतात, आमच्या तैपेईत या म्हणजे कळेल. मेट्रोची गाडी ठासून भरलेली असते आणि तरी दाराजवळच्या गडद निळ्या खुर्च्या रिकाम्या असतात. का? तर ज्याला गरज आहे तो कदाचित पुढच्या स्टेशनावर चढेल, त्याच्यासाठी. सोळाव्या वर्षी गेले ना मी इथून, तेवढंच डोळ्यांत राहिलं होतं. रिकामी खुर्ची म्हणजे माया, असं मी इतकी वर्षं धरून चालले. त्या जागेचं नावच बघा ना, सगळ्यांवर प्रेम करणारी जागा. आणि परत आले, स्वतःचे सुजलेले गुडघे घेऊन त्या खुर्चीसमोर उभी राहिले, तेव्हा कळलं — ती मायेने नाही रिकामी राहत. भीतीने राहते. बसलं की आपण दिसतो. एवढंच कारण.

लियाओ काकू अजून आल्या नाहीत ना? अहो त्याच, मुळ्याच्या वड्या नेतात त्या, जांभळ्या जाकिटातल्या. नाही, भांडण नाही झालं. उलटच झालंय. त्या यायच्या आत मला हे बोलून टाकायचंय, नाहीतर मी मागच्या गल्लीने पळून जाईन — खरं सांगते, आज सकाळी तेच ठरवून निघाले होते. हो, अंड्याची पोळी नेहमीसारखी, मका घालून. चहाचं थांबा. चहाचं मग सांगते.

दिसत नाही ना काही? तीच तर पंचाईत आहे. तुम्ही मला रोज सुंदरी म्हणता — त्या टकल्या काकांनाही तुम्ही देखणा म्हणता, ते राहू दे — पण तरी, तोंडावर काही दिसत नाही. संधिवात म्हटलं की लोक हसतात, तो तर आमच्या आजीला आहे म्हणतात. माझा तो नाही. माझं शरीर माझ्याच सांध्यांवर उठलंय, तरुणपणीच उठतं ते, आणि कधी कुठला सांधा धरेल नेम नाही. सकाळी दुधाच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, आणि संध्याकाळी हीच मी केस विंचरून, ओठ रंगवून गाडीत उभी. त्यात मी बोलणारी बाई. आम्ही सगळे असेच न दिसणारे रोगी शनिवारी देवळामागच्या सभागृहात जमतो आणि मी त्यांना सांगते, बसा. ताठ मानेने बसा. कोणाला कारण सांगू नका. स्टेशनात मागितला तर एक बिल्ला मिळतो, हिला बसू द्या म्हणून छातीवर लावायचा — तोही लावू नका म्हणाले मी. प्रेमाला कसला पुरावा द्यायचा? टाळ्या वाजवल्या लोकांनी. एक आजारी मुलगी तर रडली.

आणि मी? मी कुठेच बसत नाही, मावशी. आधी फक्त ती निळी खुर्ची सुटली. एकदा एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, मला ऐकू जाईल असं, हल्लीच्या पोरींना म्हातारपण लवकर येतं वाटतं. बस, एवढंच. कोणी अंगावर धावून आलं नाही. पण मग ते पसरत गेलं. बागेतला बाक गेला — भर दुपारी ही धडधाकट मुलगी कामधंदा सोडून इथे काय करते, असं त्या व्यायाम करणाऱ्या बायका म्हणत असतील. म्हणत नसतीलही. मग बँकेतली खुर्ची गेली. देवळाच्या अंगणातलं प्लास्टिकचं स्टूल गेलं. बसलं की मानेमागे गरम होतं, हात कुठे ठेवायचे सुचत नाही, आणि डोक्यात साक्ष सुरू — अहो, मला अमुक आजार आहे, तमुक इंजेक्शन घेते, डॉक्टरांनी सांगितलंय — समोर कोणी विचारलेलंच नसतं, आणि मी उत्तरं देत असते. उभं राहिलं की सगळं गप्प होतं. उभ्या माणसाला कोणी विचारत नाही, तू का उभा. तुम्हाला वाटायचं ना, ही पिशवी घेऊन धावते, हिला ऑफिसची घाई. घाई कसली. तुमच्या या टेबलांची तोंडं रस्त्याकडे आहेत. मी रोज पुढच्या चौकात, त्या बंद लॉटरीच्या दुकानाच्या आडोशाला, उभ्याने खाते पोळी. गुडघे नको म्हणत असतात तरी.

हो, सांगते ना, कालचंच सांगते. काल संध्याकाळी घरी जाताना डावा गुडघा असा झाला होता की त्याचं वजन मला कळत होतं. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, माणसं एकमेकांच्या पाठीला चिकटलेली, आणि मधोमध ती निळी खुर्ची मोकळी. देवासमोर नैवेद्य ठेवावा तशी. मी स्वतःलाच म्हटलं, यी-रू, शनिवारी काय बोललीस? बस. आणि बसले. समोर एक गृहस्थ होते, हातात कोबीची पिशवी, ते माझ्या गुडघ्यांकडे बघायला लागले — बघणारच, डोळ्यांसमोर तेच होते — आणि पलीकडे एका मुलीने मोबाइल वर केला. माझा फोटो काढत होती की केस बघत होती, मला अजून माहीत नाही. पण माझा हात, मावशी, मी सांगितलं नव्हतं त्याला, तो आपोआप पोटावर गेला. असा. गोल. बायका ठेवतात तसा.

तेवढं पुरलं. कोबीवाल्यांनी मान वळवली. मोबाइल खाली गेला. आणि गर्दीतून या तुमच्या लियाओ काकू, कोपराने लोकांना बाजूला सारत — 'अगं, तू कोपऱ्यावरच्या दुकानातली ना, पिशवी घेऊन पळणारी? किती महिने गं पोरी?' मी त्यांना कुठे बघितलं ते आठवेपर्यंत तोंडातून निघून गेलं, चार. चारच का? कारण तीनच्या आत सांगत नाहीत हे मलाही ठाऊक. दोन म्हटलं असतं तर त्यांनीच माझ्या तोंडावर हात ठेवला असता. बघा, खोटं बोलायला गेले तरी रीत मोडली नाही. 'चार म्हणजे हरकत नाही,' म्हणाल्या, 'आधी सांगितलं की बाळ रुसतं.' आणि मग सुरूच. खेकडे नको, कलिंगड नको, बर्फाचं तर नावच काढू नकोस, दुकानात मी बघते ना तू सकाळी सकाळी काय ढोसतेस ते. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, पलंग हलवायचा नाही, पलंगावर बसून काही कापायचं नाही, कात्री त्या खोलीतच नको, गर्भाचा देव वस्तीला असतो तिथे, त्याला लागलं तर लेकराला लागतं. कोबीवाल्यांना म्हणाल्या, 'अहो, कोबी तिच्या पायावर काय ठेवता, पोटुशी आहे ती.' त्यांनी कोबी छातीशी धरला बिचाऱ्यांनी. कोणीतरी माझ्या डोक्यावरच्या गार वाऱ्याचं तोंड हाताने अडवून धरलं. एका शाळकरी मुलीने आपली पाण्याची बाटली पुढे केली, कोमट आहे म्हणाली.

तुम्ही हसताय. हसा, मलाही हसू आलं असतं. पण मला काय वाटलं ते मी अजून सांगितलंच नाहीये. मला बरं वाटलं, मावशी. लाज नंतर आली. आधी बरं वाटलं. मानेमागचं गरम गेलं. डोक्यातली साक्ष थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी चारचौघांत बसले होते आणि माझं बसणं सगळ्यांना कबूल होतं. जी माया मी परदेशात बसून त्या खुर्चीला चिकटवली होती ना, ती खरंच होती तिथे, सगळीच्या सगळी होती — फक्त माझ्यासाठी नव्हती. माझ्या गुडघ्यांसाठी तर नव्हतीच. नसलेल्या एका बाळासाठी होती.

मग म्हणायचं ना तेव्हाच, असं तुम्ही म्हणाल. कसं म्हणू? त्या उतरताना माझा गाल धरून म्हणाल्या, उद्या सकाळी दुकानात थांब, आमच्या नातवाचे कपडे आणते, तो कसा गुटगुटीत आहे, त्याच्या अंगचे कपडे तुझ्या बाळाला लाभतील. मी मान हलवली.

आणि घरी गेल्यावर — हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. पोळी उलटा. — घरी गेल्यावर मी पलंगाजवळच्या टोपलीतली कात्री उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. ठेवून झाल्यावर कळलं की मी काय केलं. तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. कोणासाठी हलवली मी कात्री? जे इंजेक्शन मी दर आठवड्याला घेते ना, ते चालू असेपर्यंत मूल होऊ द्यायचं नसतं, डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी दोनदा बजावलंय. ते थांबवून दुसरं औषध बघता येतं म्हणतात, पण मागच्या वेळी नुसतं कमी केलं तर मला उठून दार उघडता येत नव्हतं. माझ्या नवऱ्याला, यो-हंगला, हे माहीत नाही. त्याला गुडघे माहीत आहेत, पुढचं माहीत नाही. त्याची आई दर नववर्षाला माझ्या ताटात मासा वाढताना म्हणते, पुढच्या वर्षी आपण जास्त माणसं असू. मी हसते. शनिवारी न दिसणाऱ्या दुखण्यांवर भाषण देते आणि घरी आपलंच दुखणं दिसू नये म्हणून हसते. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. तुम्ही रोज मला सुंदरी म्हणता म्हणून असेल.

नाही, रडत नाहीये. तव्याचा धूर आहे.

काय ठरवलं, ते ऐका. सकाळी मागच्या गल्लीपर्यंत गेले होते मी. दुसरं स्टेशन आहे तिकडे, जरा लांब पडतं, पण मग लियाओ काकू कधी भेटल्याच नसत्या. पाच महिन्यांनी भेटल्या तरी काय सांगणार, बाळ गेलं म्हणणार? आणि तेही जमलं असतं मला, ते मला गल्लीत उभं असतानाच कळलं. मी त्यातही रडून दाखवलं असतं, आणि त्या माझ्याबरोबर रडल्या असत्या, आणि मग मला कुठेही बसायची मुभा मिळाली असती. त्या विचारानेच मागे फिरले. तिथल्या तिथे ठरवलं — पळायचं नाही. त्यांना सांगायचं. मूल नाही, गुडघे आहेत. आणि हे उभ्याने सांगायचं नाही. उभ्याने सांगितलं तर ती माफी होते, माफी मागून मी चालायला लागेन. बसून सांगायचं, तुमच्या त्या पुढच्या टेबलाशी, रस्त्याकडे तोंड करून, आणि त्या रागावल्या, कपडे परत घेऊन गेल्या, सगळ्या दुकानासमोर बोलल्या — लियाओ काकू बोलतातच — तरी उठायचं नाही. कारण गुडघा कालच्याइतकाच सुजलाय, मावशी. खोटं बोलले म्हणून तो बरा झालेला नाही. आणि मग आज संध्याकाळी यो-हंगला. तेही बसून. पण ते संध्याकाळचं झालं, आधी हे.

द्या ती खुर्ची. नाही, धरू नका, मी बसते आपली.

हात कुठे ठेवू? टेबलावर. हो, टेबलावर दिसतील तरी. आणि पोळी बशीत द्या, आणि बर्फाचाच चहा द्या, काळा, इथे, समोर ठेवा. त्यांना लांबूनच दिसू दे.

तिकडे बघू नका, मला दिसल्या त्या. मोठी पिशवी आहे हो हातात. इस्त्री करून आणलेत बहुतेक. तुम्ही जा, मध्ये एक शब्द बोलू नका, माझ्या बाजूनेही नाही, दुसरी पोळी करपेल बघा — जा ना.

काकू, इकडे. हो, बसलेय. पिशवी उघडू नका, आधी ऐका.