बारा पाट्यांची पिकअप

ऐका. हळदीच्या दोन काहिली अजून शिजायच्या हायत, तवा झोप कुणालाच परवडायची न्हाई. पाय पोटाशी घ्या आन् जाळाकडं तोंड करून बसा. पाठीमागं बघायचं न्हाई. आन् मधनंच 'खरं का?' म्हणून इचारायचं न्हाई. खरं-खोटं काय ते सकाळी उजेडात बघू.

तर मलगोंडा म्हणून एक गडी हुता. खालच्या अंगाच्या गावचा. त्याची एक पिकअप. द्राक्षाच्या पेट्या म्हणू नका, कडबा म्हणू नका, खताची पोती म्हणू नका, मिळंल ते भरायचा. किती भरायचा? गाडी कण्हायला लागंस्तवर. गाडी मागनं बसाय लागली, तसं ह्यानं काय केलं, मागच्या चाकांवरच्या कमानीत दोन्हीकडं चार-चार पाटे, म्हंजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, जास्तीचे घातले. एकेका बाजूला आठाचे बारा केले. आता ओझं भरलं की गाडी कशी खांबागत उभी. पण मोकळी झाली की मागचं अंग वर आन् तोंड खाली. दाणं टिपणाऱ्या कोंबडीगत. आन् खड्डा आला की मागनं अशी उडायची, अशी उडायची, की आत बसलेल्याचं डोसकं टपाला.

त्याचा सासरा एस.टी.त फिटर हुता. उभा जन्म कमानपाटे चढवण्यात आन् उतरवण्यात गेलेला. त्यानं चार माणसांत सांगितलं, पावणं, जास्तीचे पाटे काढा, मोकळ्या गाडीत माणसं बसवत न्हाईत. मलगोंडा हसला. म्हणला, मामा, गाडी गड्याची हाय, गड्यागतच चालणार. झालं! त्या दिसापासनं पाटे काढणं म्हंजे सासऱ्याम्होरं नाक घासणं. आन् मलगोंड्याचं नाक कसलं हुतं म्हणता? ते सोडाच.

आता त्याची बायको कस्तुरी बाळंतपणाला माहेरी गेलेली. लेक झाली. लेक बघून आला आन् मलगोंडा येडाच झाला. भाडं भरताना लेक, डिझेल भरताना लेक. दोन महिनं सरलं, आयतवारी दोघींना घरी आणायचं ठरलं. तर कस्तुरीनं फोनवर एकच सांगितलं. लेकीची मान अजून धरंना, पाटे काढले असतील तर या, न्हाईतर येऊ नका.

ह्यो म्हणला, काढले की.

काढले हुते का? एकबी न्हाई.

आता आली का पंचाईत. खोटं तर बोलून बसला. आन् सासरा असा की, उंबऱ्यावरनं गाडीचं मागचं अंग बघून पाटे मोजणार. मग ह्यानं डोस्कं चालवलं. पाटे काढायचं न्हाईत, मागं गुपचूप वजन घालायचं. वजनानं कमान बसंल, गाडी समान दिसंल, मऊ चालंल. वर ताडपत्री, ताडपत्रीवर गादी. कुणाच्या बापाला कळतंय? सकाळी चार पोती वाळू भरली. तर शेजारी इचारतोय, बांधकाम कुठं काढलंस? दुसरा इचारतोय, मोकळ्या गाडीत वाळू कशाला? लाजून परत उतरवली. म्हणला, अंधारात वाटंवरच दगड भरू.

म्हणून शनवारी दिवेलागण झाल्यावर निघाला. आन् कुणी बघू नये म्हणून मोठा रस्ता सोडून कुठली वाट धरली? धोंडखिंडीची. हां. आता कशी मान वर झाली तुमची.

ती खिंड आपल्या लोकांस्नी ठाऊक हाय. वाटंच्या कडंला ह्यो एवढा दगडांचा ढीग. जुन्या काळी तिथं सत्याप्पा गाडीवानाची बैलगाडी उलाळ झाली. मागं ओझं जास्त झालं की जू वर उचलतंय, बैलं टांगल्यागत हुत्यात, तसलं. गाडी पालथी आन् सत्याप्पा खाली. पण मेल्यावरबी त्याला वाटंचा लळा सुटंना. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाडीत बसायचा. म्हणून मग जो जाईल त्यानं तिथं एक दगड टाकायचा आन् म्हणायचं, "सत्याप्पा, बस खाली." माझ्या आज्यानं टाकला, बानं टाकला, मीबी टाकला. शंभरावर वर्षं दगड चढत गेलं, तवा कुठं तो दबला.

मलगोंडा खालच्या अंगाचा. त्याला काय म्हाईत? बत्तीत ढीग दिसला. त्याला वाटलं, रस्त्याचं काम निघालंय, दगड टाकल्यात. आपल्याकडं असं ढीग पाच-पाच वर्षं पडून असत्यात, त्यामुळं त्याचंबी चुकलं म्हणवत न्हाई. उतरला. चांगलं बसकं पंचवीस दगड उचलून मागं लावलं. लावायचा, लांब जाऊन बघायचा. लावायचा, लांब जाऊन बघायचा. शेवटी मागच्या हौद्यात पाण्याची बाटली आडवी ठिवली. गडगडली न्हाई. गाडी समान! वर ताडपत्री, गादी, मागचा फाळका लावला आन् निघाला.

आन् गाडी काय चालली म्हणता. लोण्यावरनं सुरी. मलगोंडा गाणं गुणगुणाय लागला. सासऱ्याम्होरं कसं उतरायचं, 'बघा मामा' कसं म्हणायचं, सगळं मनात घोटून झालं.

आन् मैलभर गेला न्हाई तोच कडंला दगडांचा ढीग.

त्याला वाटलं, दुसरा असंल. एवढ्यात मागं धप्प. गाडी जराशी मागं बसली. ह्यानं आरशात बघितलं, काय न्हाई. परत मैलभर गेला. परत ढीग. तोच ढीग, पण बारका झालेला. आन् मागं धप्प, धप्प, धप्प. आता बत्तीचा उजेड रस्ता सोडून झाडाच्या शेंड्याला लागला. रस्त्यावर अंधार आन् वर वटवाघळं चकाचक.

वहिनी, पदर तोंडात घालू नका. अजून काहीच झालं न्हाई.

तेवढ्यात मागच्या खिडकीतनं आवाज आला. एकदम समजुतीचा. "ओझं मागं लई झालं गा. थोडं म्होरं सरकवू का?"

मलगोंडा मागं न बघताच कसंबसं म्हणला, "कोण हाय?"

"मी सत्याप्पा. दगड माझंच हायत, छातीवरचं. तू पंचवीस काढलंस, मला उठून बसता आलं. बाकीचं मीच भरतोय. तू नुसतं शिवंच्या पल्याड नेऊन टाक. एकबी दगड मागं राह्यला न्हाई की मी मोकळा. मग तुझ्याच गाडीवर क्लीनर म्हणून ऱ्हातो. पगार नको, तंबाखू दे."

आन् खिडकीतनं हात आला. आला, आला, येतच राह्यला. खांद्यावरनं म्होरं येऊन थेट काचंला टेकला. मलगोंड्यानं तंबाखूची चंची काढून तशीच त्या हातावर ठिवली. चुन्याची डबीबी दिली, आठवणीनं. हात मागं गेला. तंबाखू मळल्याचा आवाज आला. मग सत्याप्पानं आपलं गप्पा मारल्यागत इचारलं, येवढ्या रातीचं कुणीकडं? मलगोंडा भ्यालेला माणूस, खरं बोलून गेला. लेकीला आणाय चाललोय म्हणला.

"बरं झालं की," सत्याप्पा म्हणला. "मला लेकरांचा लई लळा. मीच खेळवीन तिला."

 आतापतोर तो जिवाला भ्यालता. आता लेकीसाठी भ्याला. मान न धरलेली लेक आन् तो येवढा हात! शीव पल्याड दिसत हुती. दगड तिथं गेलं की ह्यो मोकळा. थांबावं तर ह्यो मागं बसलेला, आन् जावं तर शीव.

तेवढ्यात तिसऱ्यांदा तोच ढीग. आता चारच दगड उरलेलं. धप्प. धप्प. धप्प. आन् चौथा सगळ्यात मोठा, बुडातला. तो पडला मात्र, गाडीचं तोंड उचललं. म्होरची चाकं वाऱ्यावर. स्टेअरिंग नुसतं गरगर फिरतंय, गाडी आभाळाकडं बघतेय. उलाळ! आन् सगळ्यात मोठ्यांदा कोण वरडलं? सत्याप्पा. उलाळ गाडीतच मेला न्हवं तो. तो भ्याला मलगोंड्यापेक्षा जास्त. मेलो मेलो म्हणाय लागला, मेलेलाच असून.

तेवढ्या वजनानं फाळक्याची कडी तुटली. फाळका पडला. सारं दगड धडाधडा खाली. ताडपत्री गेली, गादी गेली. गाडीचं तोंड धाडदिशी जमिनीवर. मलगोंड्यानं इकडं बघितलं न्हाई, तिकडं बघितलं न्हाई, पाय दाबला तो दाबलाच.

पण सत्याप्पा मागं तसाच. हौद्याच्या दांड्याला धरून. भुताला कसलं वजन? गाडी मोकळीच. कमान बारा पाट्यांची. आन् खिंडीपल्याडचा रस्ता कसला हाय, तुमाला म्हाईतच हाय. पैल्या खड्ड्याला सत्याप्पा दोन हात वर गेला आन् खाली आपटला. हसला. दुसऱ्याला चार हात. हसायचं थांबला. तिसऱ्याला कडंच्या पत्र्यावर. चौथ्याला उताणा. मग 'अगं आई गं' सुरू झालं. हळू घे गा म्हणला. पाया पडतो म्हणला. मलगोंडा घेतोय कशाला? एक खड्डा चुकवला न्हाई. उलटं हुडकून हुडकून घातली.

शेवटी शिवंच्या अलीकडं सत्याप्पानं खिडकीला तोंड लावलं. आवाज रडवेला.

"शंभर वर्षं दगडाखाली पडलो, पर पाठ दुखली न्हाई. तुझ्या गाडीत पाव कोसात मणकं सुटलं. असल्या गाडीत तू बाई-माणूस बसवतोस?"

आन् दिली उडी. मलगोंड्यानं आरशात बघितलं. दोन्ही हातांनी कंबर धरून सत्याप्पा खिंडीकडं चाललाय. वाटंत पडलेलं दगड एकेक उचलतोय आन् काखंत मारतोय.

उजाडता उजाडता मलगोंडा सासुरवाडीला पोचला. फाळका लोंबतोय, गादी न्हाई, आन् गाडीचं मागचं अंग वर. सासरा अंगणात चहा पीत हुता. गाडीकडं बघितलं. पाटे मोजले. कस्तुरी लेकीला खांद्यावर घेऊन दारात आली. तिनंबी बघितलं. लेकीच्या पाठीवर हात ठिवून परत फिरली.

मलगोंडा म्हणला, "थांब. काढले न्हाईत पाटे. खोटं बोललो." मग सगळं सांगितलं. दगड, हात, तंबाखू, सगळं. आन् शेवटी खाली बघून म्हणला, "भूत पाव कोसात उतरून गेलं, कस्तुरे. तू दोन वर्षं बसलीस."

ती लेकीची मान हातानं धरून उभी राह्यली. मग म्हणली, "तीन. आन् सातव्या महिन्यात ओटीभरणाला आणलंसा, तेबी ह्याच गाडीतनं."

 गडी सासऱ्याच्या अंगणात, सासऱ्याम्होरं, लेकरागत रडला. नाक म्हणता ते सगळं तिथंच वाहून गेलं.

सासऱ्यानं चहाची बशी खाली ठिवली. आत जाऊन जॅक आणला, पाने आणले. म्हणला, पावणं, कंदील न्हाई लागायचा, उजेड हाय. सासरा-जावई दोघं गाडीखाली शिरलं. चार इकडचे, चार तिकडचे पाटे काढून भिंतीला लावलं. किती वेळ लागला म्हणता? दुपारच्या भाकरीच्या आत काम आटपलं. तेवढ्यासाठी गड्यानं शंभर वर्षांचं भूत उकरून काढलं हुतं. मग दोघींना घेऊन मोठ्या रस्त्यानं घरी गेला. लेक वाटंत झोपली ती घर येईस्तवर उठली न्हाई.

आता ऐका, सांगून ठिवतो. धोंडखिंडीनं अंधारात जायचं न्हाई. सत्याप्पा अजून पुरता झोपला न्हाई. गाडी दिसली की ढिगाखालनं इचारतो, "पाटे किती गा?" आठ म्हणालात की बसलाच म्हणून समजा. बारा म्हणालात तर तो बसायचा न्हाई, पर मग घरची बाईबी बसायची न्हाई. तवा त्या वाटंनं जायचंच न्हाई.