बाबांच्या खडावेचा ठोका

मी, वेनेरा नुन्त्सियो कालाब्रेत्ता, वय ५३ वर्षे, धंदा बाहुल्यांचे खेळ, राहणार मासळी बाजारामागची गल्ली, आचिरेआले, सिसिली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर आमचे बाहुल्यांचे नाट्यगृह आहे. माझे वडील नुन्त्सियो कालाब्रेत्ता, वय ८१, ते चालवत. मी व माझे पती सान्तो बाहुल्या नाचवतो. माझा धाकटा भाऊ चिरिनो तोरिनो शहरात बस चालवतो. गेल्या रविवारी दुपारच्या खेळात वडिलांना झटका आला आणि इस्पितळात नेताना ते वारले. चिरिनोने माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे की, वडील मदतीसाठी खडाव आपटून ठोके देत होते, ते मला ऐकू येत होते आणि टाळ्यांच्या हव्यासापायी मी खेळ थांबवला नाही. ठोके ऐकले की नाही एवढेच सांगा, असे फौजदार साहेब म्हणाले. एवढेच सांगता येण्यासारखे नाही, म्हणून थोडे मागून सांगते.

खेळाच्या वेळी मी व सान्तो मागच्या पडद्याआड उंच फळीवर उभे असतो. एकेक बाहुली चिलखतासकट धान्याच्या पोत्याएवढी जड आहे. वडील खाली डाव्या विंगेत खुर्चीवर बसत. त्यांच्या नि माझ्यामध्ये एक काळे कापड, बाकी काही नाही. सगळ्या पात्रांचे बोलणे त्यांचेच असे. राजाचे, राजकन्येचे, घोड्याचे खिंकाळणेसुद्धा. तरी प्रेक्षकांतल्या कोणी मान वळवून विंगेकडे पाहिल्याचे मला आठवत नाही. ज्या बाहुलीची मान हलेल, तिच्याच तोंडून लोकांना आवाज येतो.

लढाईत बोलणे नसते. तेव्हा वडील उजव्या पायातली लाकडी खडाव पायाखालच्या फळीवर हाणत. आमच्या तलवारी पातळ पत्र्याच्या आहेत, आपटल्या तर रिकामा डबा वाजावा तशा वाजतात. त्यांना वजन येते ते खडावेमुळे. शेजारचा खाटीक एकदा खेळ संपल्यावर आत आला आणि तलवार हातात घेऊन म्हणाला, "हीच का ती? हिनं तर कोंबडीसुद्धा कापली जायची नाही. मघाशी केवढी दणकत होती!" वडील म्हणाले, "ती तुझ्या डोक्यात दणकत होती रे. आता तुला कळलंय ना? पुढच्या रविवारी ये, तरी दणकेल." तो आला. तरी दणकली. वडिलांना या गोष्टीचा इतका अभिमान होता की पाव्हण्यारावळ्यांना ती सांगून सांगून त्यांनी आम्हाला वीट आणला होता.

माझ्याबद्दल सांगायचे तर मी लग्नाआधीपासून फळीवर उभी आहे. वडिलांचा पाय पडला की माझा हात पडतो. मध्ये विचार येत नाही. यावर ते मला चिडवत, "तुझं डोकं माझ्या टाचेत आहे गं." मी म्हणे, "म्हणूनच दुखतं."

घटनेच्या दिवशी शेवटची लढाई पांढऱ्या तुऱ्याचा सरदार आणि हिरव्या पगडीचा सरदार यांची होती. पांढरा तुरा माझ्याकडे होता. सुरुवात नेहमीसारखी झाली. मग ठोके चुकू लागले. दोन जवळजवळ, मग मोठा खंड, मग एक ओढल्यासारखा. सान्तो पलीकडून हळूच म्हणाला, "सासरेबुवा डुलकी घेताहेत की काय?" मी म्हटले, "गप. म्हातारा रंगात आलाय. त्यांच्या मागे मागे ये." मला खरोखरच तसे वाटले. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी नवी चाल सुचली म्हणून मला कौतुक वाटले, हेही लिहून घ्यावे.

लढाईनंतर राजाचे बोलणे होते. ते आले नाही. मी वाट पाहिली, मग खाली वाकून कापड सारले. वडील खुर्चीवरून घसरून खाली बसलेले होते. तोंड वाकडे झाले होते, जीभ व उजवे अंग गेले होते. उजव्या पायातली खडाव त्यांनी डाव्या हातात घेतली होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की, थोडे आधी आणले असते तर कदाचित काही करता आले असते. कदाचित हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. त्यांनी असेही सांगितले की, डोळ्याला काही दिसले आणि त्याच क्षणी कानावर काही पडले, तर मेंदू दोन्ही एकाच वस्तूच्या नावावर टाकतो. तो आपल्याला विचारत बसत नाही. बाईंचा हेतू चांगला होता. मला त्याने बरे वाटले नाही.

त्या दिवशी प्रेक्षकांतल्या एका मास्तरांनी लढाईचे चित्रण फोनवर केले होते. ते त्यांनी सांत्वन म्हणून आम्हाला पाठवले, मी चिरिनोला पाठवले. वडिलांनी घडवलेल्या बाहुल्या बघवेनात म्हणून त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि नुसते ऐकले. त्यानंतर त्याने अर्ज दिला. दफनाच्या दिवशी तो मला म्हणाला, "ताई, अगं एखादी बहिरीसुद्धा धावत आली असती!" त्यावर सान्तो म्हणाला, "तू आठ वर्षांत इकडे फिरकला नाहीस, तुला तिथून बरं ऐकू आलं." मी सान्तोला थांबवले. चिरिनो रडत होता.

आज ठाण्यात फौजदार साहेबांनी आम्हा दोघांसमोर ते चित्रण लावले. साहेब पाहत राहिले व म्हणाले, "कुठायत हो ठोके? मला तर नुसती तलवारबाजी ऐकू येतेय. झकास आहे." चिरिनो म्हणाला, "फोन पालथा घाला साहेब." साहेबांनी घातला. मग खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आले. कोणीतरी दार वाजवावे, कोणी उघडू नये, तसे. साहेबांनी फोन उताणा केला, परत पालथा केला, परत उताणा केला. चित्र दिसले की तलवार, चित्र झाकले की बाबा. नंतर साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

चिरिनोने चित्रण प्रथमच डोळ्यांनी पाहिले. कुठे काय ऐकायचे ते त्याला पाठ होते. तरी तो पाहता पाहता म्हणाला, "आता तलवारच वाजतेय गं." त्याने पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाला, "ताई, मी अर्ज मागे घेतो. तुला ऐकूच आलं नसणार." साहेबही म्हणाले, "बाई, तसंच लिहून टाकतो, सही करा आणि घरी जा."

तसे लिहू नये असे मी सांगितले, कारण ते खरे नाही. मला प्रत्येक ठोका ऐकू आला. चित्रणात ठोके लपतात, कारण प्रत्येक ठोक्यावर माझ्या सरदाराची तलवार पडलेली आहे. एकही ठोका मी रिकामा जाऊ दिला नाही. त्यांनी दोनदा हाणली, मी दोन वार केले. ते थांबले, मी थांबले. ते हळू झाले तेव्हा मी सरदाराला गुडघ्यावर आणले. लोकांना वाटले सरदार थकला, समोरच्या रांगेतली एक बाई डोळे पुसू लागली. शेवटचा ठोका अगदी बारीक होता. मी वारही बारीक केला आणि पुढच्यासाठी तलवार वर धरून उभी राहिले. पुढचा आला नाही. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. माझा हात वरच होता.

बाबा मला हाका मारत होते आणि मी प्रत्येक हाकेला ओ देत होते. फक्त गेले नाही. माझ्याविरुद्ध जे काही लिहायचे ते याच्यापुढे लिहावे. भावाबद्दल माझी तक्रार नाही.

वरील मजकूर फौजदार साहेबांनी मोठ्याने वाचला. कागद समोर धरून पाहा असे ते म्हणाले असता मी नको म्हटले आणि डोळे मिटून ऐकला. तो मी सांगितला तसाच आहे.

सही
वेनेरा कालाब्रेत्ता