रुमालाची जागा

मंदिरात कीर्तनाला अजून वेळ होता, पण सतरंज्या भरल्या होत्या. सुरुची समोर सुमतीकाकूंच्या शेजारच्या, रुमाल ठेवलेल्या रिकाम्या जागेकडे सरकणार, तोच स्वयंसेवक आला.

“सुमतीकाकू, तो रुमाल उचला ना जी. लोकं उभे आहेत.”

“जागा धरली आहे, गोविंदा.”

“जागा धरू नये, असा नियम हाये. पाटी हाये भिंतीवर.”

“मला नको सांगू. आमच्या यांनीच लावली ती.”

“मंग? दत्तोपंत काका असते, तर पहिले तुमचाच रुमाल फेकला असता.”

“फेकला होता एकदा. इथून घरापर्यंत रागावत आले.”

“तरी काहून धरता, काकू?”

“येऊ दे त्यांना. रागावू दे.”

टाळ वाजू लागले. गोविंदा उभाच राहिला. मग सुरुचीकडे वळला.

“ताई, थोडं मागं सरका. इथं माणूस येऊन राहिला.”