कंबरेचं माप

...श्वास सोडा हो भाऊ, पोट आत ओढून कुणाला फसवताय — टेपला? बायकोला फसवा, डॉक्टरला फसवा, टेप नाही फसायची. दोन इंच वाढलंय. बायको हौसेनं खाऊ घालते, दुसरं काय! हसू नका, माप हलतं.

या टेपमुळेच तर त्या पोरीचं कळलं मला. कोणती म्हणजे? कोपऱ्यावरच्या बंगल्यातली, कामाला ठेवलेली — पेपरात आलं होतं की. मॅडम तिला घेऊन यायच्या, कामाचे ड्रेस बारीक करून घ्यायला. पहिल्यांदा कंबर अठ्ठावीस. पाच महिन्यांनी पंचवीस. मी आपली थट्टा केली, काय गं, कुणासाठी बारीक होतेस? — तर मॅडमच म्हणाल्या, तिला आपली भाषा येत नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्या पायरीवर गेल्या, आणि ही पोरगी आरशाकडे बघत अगदी स्वच्छ बोलली, "ताई, मला बाहेरून कुलूप लावतात." मॅडम परत आल्या, तर हिच्या तोंडाला पुन्हा टाळं.

आणली होती नोकरी म्हणून — शिवण शिकवू, आईला पगार पाठवू, असं सांगून. कागदपत्रं मॅडमच्या कपाटात, फोन त्यांच्याकडे, पगाराचा पत्ता नाही. दीड वर्षात माझ्या दुकानाखेरीज कुठे पाऊल टाकलं नव्हतं तिनं. हे सगळं नंतर कळलं हं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा कंबर तेवीस. मग मात्र मी मुद्दाम काम बिघडवलं — इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाही उलटी जोडली — म्हणजे परत यावं लागेल ना. परत आल्या त्या दिवशी आतल्या खोलीत एक महिला पोलीस बसवली होती, साध्या कपड्यांत. माझ्या वहिनीची मैत्रीण. पोरगी ड्रेस घालून बघायला आत गेली, आणि बाहेर मॅडमना मी अडकवून ठेवलं. कसं? तुमच्या बांध्याला कोट काय शोभेल म्हटलं! खांदे मोजले, पाठ मोजली, पुन्हा खांदे मोजले — एवढ्या मापांत हत्तीचा कोट झाला असता. मॅडम खूश, पाऊण तास आरशासमोर. तोवर आत पोरीनं सगळं सांगितलं. तशीच मागच्या दारानं गेली ती. केस चाललीय अजून. पोरगी आईजवळ आहे. परवा फोन केला होता, इतकी बडबडते की मी आवाजच ओळखला नाही.

काय? चांगलं केलं म्हणता?

असं नका म्हणू भाऊ. कुलपाचं ती बोलली दुसऱ्या खेपेला — आणि तिसरी खेप चार महिन्यांनी. मधले चार महिने? विसरले नव्हते मी. मोठं गिऱ्हाईक, आपण कशाला मध्ये पडा — दुसरी सबब काय असते माणसाजवळ. आणि त्या चार महिन्यांत मॅडमचं एक काम केलं मी. पडदे. माझी मीच गेले होते खिडकी मोजायला. घरामागची खोली, एवढीशी. दाराला बाहेरून कडी, नवीकोरी. बाहेरून आतलं काही दिसता कामा नये म्हणाल्या. मी म्हटलं, अस्तर लावू. मीच म्हटलं.

...

उतरा स्टुलावरून खाली. गुरुवारी या पँट न्यायला.