पंचफुलीनं न देलेला शब्द

इश्वास ठेवून दाखव माह्यावर, लेका — एका तरी शब्दावर ठेवून दाखव! पंचफुली खोटं नाई बोलून राहिली. तिनं तुह्या शेषरावसाहेबाले मताचा शब्द देलाच नाई. तिच्या वट्ट्यावर बसून शब्द देला तो मी. — हास. हास बाप्पा. गल्लीतले पोट्टे बी म्हनतात, ही बुढी एका दमात तीन थापा मारते. पन उनात उभं राहून त्या बाईसंग भांडन्यापरीस इथी सावलीत बस जरासक, चहा टाकला हाये गुयाचा. ती तुले म्हनून राहिली, ‘मी तुह्या साहेबाचं तोंड बी पायलं नाई’, अन् तू तिले म्हनतं, ‘बाई, तुमी जबान फिरवली.’ ती बी खरी, तू बी खरा. मधात मी.

आता म्हनशीन, काहून केलं असं? अरे, सांगतो नं. आमी दोघी एकाच उन्हायात या गावात सुना म्हनून आलो. भिंतीले भिंत. मी दुसरीपावतर शिकली — बापानं शाळेत घातली होती, पाटीवरचं वाचता येते मले, तुह्या त्या जीपगाडीवर काय लिहेल हाये तेही वाचलं — अन् तिले अंगठा. रंगानं मी उजवी. आता नको पाहू, तवाचं सांगून राहिली. कुरड्या माह्या पांढऱ्या, तिच्या पिवया. सगयं माहं चांगलं. मंग तिचा मानूस गेला, लेकरू नाई, बाकरू नाई, अन् ती निघाली वेचनीच्या बायायची टोळी घेऊन. कपाशी फुटली का गावोगावचे मालक तिच्या दारात. आमच्या गल्लीच्या बाया, तिकडच्या बौद्ध वस्तीतल्या, जहाँआराच्या दोघी सुना — सगया तिच्या मांगं. पंचफुली म्हनन त्या वावरात. अन् आता पंचफुली म्हनन त्या पेटीत. तुमाले लोकाईले हे कोनं सांगतलं काय मालूम, पन बराबर कयलं.

अन् मी कोन? मी तुमची धरेल हावो. आमचा बुढा तुमच्या पक्षाचा या गावातला मानूस नं — टोपी तुमची, बिल्ला तुमचा, सभेले सतरंजी आंथरनारा तो. म्हनून या घराचं मत धरेल. गाय खुट्याले बांधेल असली का तिले कोनी आवाज देते काय? पयल्या खेपीले मत टाकाले गेली — पाच वर्सं झाली आता — त तो साहेब इचारते, ‘नवऱ्याचं नाव?’ मी काय अशीच सांगन होय? मी उखाणा घेतला. ‘वावरात पेरली तूर, धुऱ्यावर लावली मेथी, अमक्यारावाचं नाव घेतो, दाखवा माही पेटी!’ सगयी शाळा हासली. साहेबाच्या हातातली शाई सांडली. हरेक उभा राहिलेल्याची पेटी येगळी, वरतून चित्र; पन पेटी कोनती, ते घरूनच सांगेल होतं. सायकलवाली. मी सायकलवालीत टाकलं. आता त्याच शेषरावसाहेबाची पेटी कंदिलाची. पक्ष बदलला म्हने, अन् त्याच्यामांगं आमच्या बुढ्यानं बी. कावून बदलला रे? — तुले बी नाई मालूम? मंग मले काय मालूम असन! गाडी तीच, भोंगा तोच, त्यातून खरखर करनारा मानूस बी तोच, पोरा. झेंडा फक्त दुसरा. मांगच्या खेपीले नाल्यावर पूल बांधतो म्हने, फीत धरून मोजलं, चार खुट्या ठोकल्या. त्या खुट्याले आता गोदाबाई बकऱ्या बांधते. चांगल्या मजबूत खुट्या हायेत, खोटं कावून बोलू.

मी काय म्हनत होती? हाव — संक्रांत. तुह्या साहेबाच्या बाईनं मारुतीच्या देवयासमोर हयदीकुंकू केलं. साऱ्या गावच्या सवाशिनी रांगेत. मी नेसली जरीकाठाचं, म्हनलं आज कोनीतरी आपल्यासंग बोलन. ती बाई आली, बोट कुंकवात बुडवलं अन् चालली — माह्या कपायावर, माह्या बाजूचीच्या कपायावर, तिच्या बाजूचीच्या — जशी भिंतीवर चुन्याची बोटं वढत जाते नं कोनी, तशी. तोंडाकडे पायलं नाई. हातात एक एक पत्र्याची डबी ठेवली, झाकनावर कंदील छापेल. मी म्हनलं, ‘बाई, आमच्या नाल्याचं—’ त ती पुढं! डबीचं झाकन बी लागत नाई.

अन् पंचफुलीले हयदीकुंकवाले कोन बलावते? रांडमुंड बाई. आता सांग, आमच्यात अशा बाईले कोनी सनावाराले इचारत नाई — त तिच्यापावतर पोचाचं कसं? मंग खुद्द उभा राहिलेला मानूसच जाते! तुमच्या समोरचा तो सहदेवराव आला. पायी आला, गाडी येशीवर ठेवून. मी कुडाच्या फटीतून पायत होती. खाली बसला रे तिच्या पोत्यावर! धोतराले मातीच माती. तिच्या गडव्यातलं पानी पेला. अन् दोन्ही हात असे — असे जोडून म्हनते, ‘पंचफुलाबाई, तुमचं काय म्हननं हाये ते सांगा.’

तुमचं काय म्हननं हाये! मले माह्या जल्मात कोनी इचारलं नाई, तुहं काय म्हननं हाये. बापानं नाई, सासऱ्यानं नाई. बुढा त इचारते फक्त ‘भाकर झाली काय?’ अन् त्या पंचफुलीले — जिच्या कुरड्या पिवया! — अन् ती बी कशी, माती चिवडत बसली अंगठ्यानं, म्हनते, ‘पाहू, बायायले इचारतो.’ मी असती त सहदेवरावले घामच फोडला असता. तीन दिवस मले भाजी गोड लागली नाई. बुढा म्हने, मीठ कमी हाये. मीठ बराबर होतं.

मंग तुहा साहेब येनार म्हून कानावर आलं. सहदेवराव आला त हा कसा मांगं राहीन! पंचफुली टोळी घेऊन वावरात, आमचा बुढा तेल्हाऱ्याले कापसाच्या जिनावर, दुपारच्या वक्ती गल्लीत कुत्रं नाई. भोंगा ऐकू आला. मी उठली, अन् सरळ तिच्या वट्ट्यावर जाऊन बसली. बस! एवढंच. थट्टा म्हून. मी थट्टेखोरच हावो, कोनाले बी इचार — मी एकदा तलाठ्याले आमचा रेडा गाभण हाये म्हून सांगतलं होतं अन् त्यानं ‘कितवा महिना’ म्हून इचारलं होतं! — त बसली. पदर वढला नाकापावतर. तुहा साहेब आला, संग फक्त डायवर. ‘पंचफुलाबाई काय?’ म्हने. मी मुंडी हालवली. बोलली नाई हो मी, मुंडीच हालवली. अन् त्यानं हात जोडले. दोन्ही. म्हनते, ‘तुमचं मत मले पायजे, बाई.’

मी म्हनलं, ऐकू कमी येते मले, पुन्हा म्हना. पुन्हा म्हनला. मी म्हनलं, उजव्या कानाकडून म्हना. तिकडून येऊन म्हनला! तिसऱ्याखेपी त डायवर बी हासाले लागला. मी म्हनलं, ‘साहेब, खुट्या ठोकेल हायेत, पूल कुठी हाये?’ त तुहा साहेब, एवढा मोठा मानूस, खाली पाहाले लागला. म्हने, ‘बाई, चुकलं. औंदा नक्की.’ अरे, कशी सांगू तुले — पोटात असं गार गार झालं. देला मंग शब्द! म्हनलं, माह्या साऱ्या बाया तुमच्या कंदिलात. जा.

काय म्हनतं? वयखलं कसं नाई? कसा वयखन, त्यानं कधी तिले पायलं होतं! — सवाशीन दिसली नाई काय त्याले? अरे, डोरलं चोळीत ढकललं, बांगड्या पदराखाली. — कुंकू? पदर होता नं वरतून. अन् दिसाले ते असाले त पायजे—

काई नाई. काई नाई म्हनलं मी. चहा पे, थंडा होऊन राहिला.

असा काय पाहून राहिला? ...बांगड्या नाई काढल्या हो मी. तेवढं पाप नाई केलं. फक्त पदराच्या कोन्यानं — जरासक — अन् लगेच घरी येऊन पुन्हा लावलं, डब्बल लावलं, हे एवढं मोठ्ठं! बुढा रातच्याले आला, म्हने, आज काय देवीवानी दिसून राहिली. अन् जेवता जेवता त्याले ठसका लागला. साधा ठसका रे, तिखटाचा. पन माहा जीव असा उडाला — मी त्याची पाठ चोयत बसली, चोयत बसली, तो म्हनते, ‘सोड व, मरत नाई मी.’ मी मारुतीले नारय बोललं. फोडून बी आली. मारुतीले मत लागत नाई, त्याले नुसतं नारय लागते.

पन खरं सांगू? ठसका गेला, मंग मले त्याचं काई वाटलं नाई. वाटलं ते दुसरंच. हात त्यानं जोडले ते कोनाले? पंचफुलीले! ‘चुकलं, बाई’ म्हनला तो कोनाले? पंचफुलीले! एवढं पाप माह्या डोक्यावर, अन् नमस्कार तिले. तिथी मी बसून बी तीच जिकली. तिले मालूमबी नाई. संध्याकाळी आली वावरातून, बोटं कपाशीच्या बोंडानं फाटेल, अन् माह्या वट्ट्यावर भाकर घेऊन बसली — ‘काय व, कोनी आलतं काय?’ मी म्हनलं, कोन येते मराले!

हे पाय, तू आता डोकं नको खाजवू. तुले शब्द पायजे नं? शब्द तिच्याजवय नाईच, त ती कुठून देईन. — मी तिले समजावू? मी? म्हन्जे मी पुन्हा तिच्यासाठी... वा रे शहाण्या! अन् माह्या सोताच्या मताचं कसं? त्याचं काई इचारत नाई तू. सारी गाथा आयकली, फुकटचा चहा पेला, अन् एकदा तोंडातून निघालं नाई का, ‘आई, तुमी कुठी टाकसान?’ इचार त पाहून. मी लगेच नाई सांगनार, आधीच सांगून ठेवतो. दोनचार डाव फिरवीन तुले. ऐकू बी कमी यीन. पन इचार.

इचारतं? — कोन? कोन आलं? हाव, तेच. आमचे. जिनावरून आज लवकर आले वाटते... हे पाय, कुंकवाचं एक अक्षर जरी त्यायच्या कानावर गेलं न— अरे, बस नं, अर्धी कपबशी राहिली. उठला कावून?

अन् हे काय? हात? दोन्ही हात? वाकून? घडीभरापासून माह्या वट्ट्यावर बसून होता, तवा कुठी होते रे हे हात, खिशात?

काय इचारलं त्यायले? ‘घरातली दोन्ही मतं धरू नं?’ — त्यायले इचारतं? मी इथीच बसली हावो नं! हे काय, इथी!

...ठेव तो कप. ठेव खाली. उचल तुहा झेंडा. जाय. जाय आता.