टोपल्यातलं पिल्लू

रिठदच्या जनावरांच्या दवाखान्यात मंजुषा लंगडती बकरी घेऊन बसली होती. तिच्या पुढचा नंबर मारोतरावांचा. त्यांच्या मांडीवर फडक्यानं झाकलेलं टोपलं होतं. शेजारच्या सोजरबाईला राहवलं नाही.

"टोपल्यात काय हाय, भाऊ?"

"रानमांजरीचं पिल्लू."

"ते कायले आनलं?"

"त्याची माय म्याच मारली. रोज कोंबडी नेऊन राह्यली होती, म्हनून फासा लावला."

"दोरीचा?"

"दोरी तं ते दातानं तोडते. म्या गाडीची क्लच वायर घेतली. कुंपनाखालून तिची वाट होती, तेथंच बांधली."

"मंग?"

"सकायी पाह्यलं तं फाशात मेलेली. सोडवाले गेलो तवा थानाले दूध दिसलं."

"अरे देवा."

"दोन दिवस वावराचे सारे धुरे-बांध हुडकले. तीन पिल्लं सापडली. दोन मेली होती. हे एक जितं होतं."

"बकरीचं दूध पाजा ना."

"कोठं भेटते? गाईचं पाजलं, कापूस बुडवून. कालपर्यंत पेत होतं. आज तोंडच उघडत नाही."

मंजुषा पुढे सरकली. "बाबा, माही बकरी दुभती हाय. इथंच काढून देऊ का?"

मारोतरावांनी फडक्याखाली हात घातला. तो बराच वेळ तिथंच राहिला. आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

"तूच जाय आंदी, पोरी," ते म्हणाले. "मले आता घाई नाही."